ऑटिझम असलेल्या मुलाची घरची थेरपी: आधी काय, मग काय आणि नेमकं कुठे चुकतं

जिल्ह्याच्या ओपीडीतून घरी परतलेल्या आईबापांच्या लक्षात बहुतेक वेळा एकच वाक्य राहिलेलं असतं: "घरी थेरपी करत राहा." मग बाजारातून फळांचा तक्ता येतो. पोराला भिंतीशी बसवून सुरू होतं, "बोल, आंबा. बोल ना बाबू. आं-बा." पोरगं उठून पळतं. त्याला पुन्हा धरून आणतात. ते किंचाळतं, चावतं, शेवटी आजी कंटाळून मोबाइल हातात देते आणि घर शांत होतं. पंधरा दिवसांनी घरचे म्हणतात, थेरपीने काही फरक पडला नाही.

फरक पडलेला असतो. किंचाळलं की मोबाइल मिळतो, हे पोरगं पक्कं शिकलेलं असतं.

यवतमाळ आणि वाशीमकडच्या गावांत घरोघरी जाऊन मी आईबापांना हे काम शिकवते. कष्टाला कुणी कमी पडत नाही, क्रम चुकतो. बोलणं सगळ्यात आधी हवं असतं म्हणून सुरुवात तिथूनच होते आणि त्याआधीच्या तीन-चार पायऱ्या गाळल्या जातात. त्या पायऱ्या इथे क्रमाने मांडल्या आहेत. दोन ते आठ वर्षांची, अजिबात न बोलणारी किंवा मोजकेच शब्द बोलणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. थेरपिस्टकडे जाणं याने टळत नाही. पण दोन भेटींच्या मधले दिवस घरातच जातात, ते वाया जाऊ नयेत.

टप्पा 1: आधी कान, पोट, झोप आणि कागद

कान तपासल्याशिवाय काहीही सुरू करू नका. हाक मारली तर वळून बघत नाही, हे ऑटिझममध्ये होतं तसं ऐकू कमी येत असलं तरी होतं. "टीव्हीवर जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे ऐकू येतं" हा घरगुती अंदाज पुरत नाही. काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत असंही असतं. लहान मुलाला झोपवून, डोक्याला तारा चिकटवून करतात ती बेरा तपासणी करून घ्या.

त्यासाठी थेट नागपूर गाठायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. अंगणवाडीताईला किंवा आशाताईला तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी मजुरी बुडवून का होईना, स्वतः हजर राहा. रांगेत पथकाच्या डॉक्टरांना मुलाजवळ फार वेळ मिळत नाही, तेवढ्यात त्यांना काही दिसेलच असं नाही. तुम्ही सांगायचं: हाकेला बघत नाही, बोट दाखवून मागत नाही, एवढे शब्द बोलत होता ते बंद झाले. तिथून चिठ्ठी घेऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येतं. मुलगी असेल तर "शांत आहे, लाजरी आहे" म्हणून थांबू नका.

दुसरं, शरीर. चार-चार दिवस शौचाला न होणं, किडलेला दात, कान वाहणं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणं. न बोलणारं मूल दुखतंय हे सांगू शकत नाही, ते डोकं आपटतं. पोट साफ होत नसेल तर ते आपटणं कुठल्याही थेरपीने थांबत नाही. माती, खडू, भिंतीचा चुना खात असेल तर हिमोग्लोबिन तपासा.

कागदांचं काम थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, मिळतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. अर्ज करा, पण कार्ड हातात येईपर्यंत शिकवणं थांबवू नका.

इशारा: मूल क्षणभर एकटक बघत थिजतं, झटके येतात, किंवा येत असलेलं बोलणं-चालणं अचानक गेलं, तर पुढचे टप्पे बाजूला ठेवून आधी डॉक्टर. आणि "सहा महिन्यांत ऑटिझम बरा करतो" म्हणणाऱ्याला वावर विकून पैसे देऊ नका. स्टेम सेलची इंजेक्शनं त्यातलीच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच ऑटिझमसाठी हा उपचार सुचवू नये असं सांगितलंय. चटके द्या, उपाशी ठेवा असं सांगणाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा जायचं नाही.

टप्पा 2: आठ दिवस काही शिकवू नका, फक्त लिहा

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. घरात बसून नुसतं लिहायचं, याला लोक काम मानत नाहीत.

जुनी वही घ्या. पानावर तीन रकाने आखा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर घरच्यांनी काय केलं. जे वागणं सगळ्यात जास्त त्रास देतं ते एकच निवडा आणि ते झालं की तीन ओळी लिहा. आईला लिहिता येत नसेल तर मोठ्या भावंडाने लिहावं, नाहीतर फोनवर बोलून रेकॉर्ड करून ठेवावं. वही साधारण अशी दिसते. मुलाला आपण गोलू म्हणू.

सकाळी 9. आईने डबा भरला, वावरात जायला चप्पल घातली. / गोलू जमिनीवर पडून किंचाळला. / आजीने उचलून मोबाइल दिला.

दुपारी 1. वरण-भात कालवून दिला. / ताट ढकललं, आईच्या हाताला चावला. / ताट उचललं, बिस्कीट दिलं.

संध्याकाळी 7. लाइन गेली, सगळे आरडाओरडा करत बाहेर आले. / कान दाबून भिंतीवर डोकं आपटलं. / बाबांनी शेजारच्या रिकाम्या खोलीत नेलं, शांत झाला.

रात्री 8. आई फोनवर बोलत होती. / बहिणीचे केस ओढले. / आई फोन ठेवून त्याच्यावर ओरडली.

घरचे याला एकच नाव देतात, "हट्ट". वहीत मात्र चार वेगळ्या गोष्टी दिसतात. सकाळी त्याला आई किंवा मोबाइल हवा होता. दुपारी कालवलेला भात नको होता. संध्याकाळी आवाज सहन होत नव्हता. रात्री आईचं लक्ष हवं होतं, आणि ते मिळालं, कारण ओरडणं हेसुद्धा लक्षच असतं. मिळवणं, टाळणं, लक्ष वेधणं आणि शरीराला सोसेना किंवा बरं वाटतं म्हणून करणं: बहुतेक त्रासदायक वागण्याची मुळं या चारांत सापडतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. टाळण्यासाठी रडणाऱ्या मुलाला कोपऱ्यात बसवलं तर त्याला हवं तेच मिळालं.

नेहमीची चूक: "आज मूड नव्हता", "खूप राग आला" असं लिहिणं. फोनच्या कॅमेऱ्यात जे दिसलं असतं तेवढंच लिहा. राग कॅमेऱ्यात दिसत नाही, चावणं दिसतं.

तपासा: आठ दिवसांनी तिसरा रकाना वरून खाली वाचा. "मोबाइल दिला" किंवा "ताट उचललं" असं काही वारंवार आलंय का? आलं असेल तर पुढच्या टप्प्याला तयार आहात. पहिला रकानाच रिकामा राहत असेल तर अजून चार दिवस लिहा आणि जरा आधीपासून बघत जा.

टप्पा 3: आवडीच्या वस्तू शोधा आणि हाताबाहेर ठेवा

ज्या मुलाला हवं ते सगळं आपोआप मिळतं, त्याला मागायचं कारण उरत नाही. आमच्याकडे लेकरू शेल्फाकडे बघायच्या आत डबा उघडलेला असतो.

पाच-सहा आवडी शोधा. "काय आवडतं?" असं विचारून उपयोग नाही, दोन वस्तू दोन हातांत धरा आणि तो कशाकडे हात नेतो ते बघा. जोड्या बदलून दोन-तीन दिवस करा. खाण्याच्या पलीकडेही बघा: बंगईचा झोका, पाण्यात हात खेळवणं, बाबांच्या गाडीवर एक चक्कर, फुगा, पाठीवर दाब. मग वस्तू पारदर्शक बरणीत घाला, झाकण घट्ट लावा आणि दिसेल पण हात पुरणार नाही अशा उंचीवर ठेवा. खाऊचा तुकडा नखाएवढा हवा. अख्खा बिस्किटाचा पुडा हातात गेला की त्या दिवशीचा धडा संपला.

इशारा: अख्खे फल्लीदाणे (शेंगदाणे) किंवा फुटाणे लहान मुलाला बक्षीस म्हणून देऊ नका, घशात अडकतात. मुरमुरे चालतात. जेवण, पाणी, झोप आणि आईची कूस या गोष्टी कधीही "शिकलास तरच" म्हणून अडवायच्या नाहीत. मे महिन्यात पाण्यासाठी मूल रडलं तर आधी पाणी, शिकवणं नंतर.

मोबाइलबद्दल माझं मत कडक आहे. तो यादीत ठेवू नका. मोबाइल हातात असला की समोर माणूस लागत नाही आणि परत घेताना रोज नवी लढाई होते. एकदम बंद करता येत नसेल तर ठरलेल्या वेळी, ठरलेली मिनिटं द्या. रडण्यानंतर मात्र कधीच नको.

टप्पा 4: बोलायला नव्हे, मागायला शिकवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मागता येऊ लागलं की टप्पा 2 मधलं अर्धं किंचाळणं आपसूक कमी होतं, कारण किंचाळणं हीच त्याची मागण्याची पद्धत होती.

*पहिली पायरी, बंगईवर.* गोलूला बंगईवर बसवा. चार-पाच झोके द्या आणि साखळी धरून बंगई थांबवा. समोर या, उकिडवे बसा, तुमचं तोंड त्याच्या तोंडाच्या पातळीला येऊ द्या. आता काही बोलू नका. मनात पाच आकडे मोजा. हे पाच सेकंद आयांना फार जड जातात. दोनच्या वर थांबवत नाही. पण याच वेळात काहीतरी घडतं. तो पुढे वाकतो, पाय झाडतो, तुमच्या हाताला हात लावतो, क्षणभर बघतो किंवा "उं" करतो. यातलं काहीही दिसलं की त्याच क्षणी आनंदाने "झोका!" म्हणा आणि बंगई सोडा. पुन्हा थांबवा. सुरुवातीला "उं" पुरेसं आहे. आठवड्याभराने जरा स्पष्ट खूण आली तरच सोडा. पाच सेकंदांत काहीच झालं नाही तर त्याचा हात हळूच तुमच्या हाताला लावून घ्या आणि झोका द्या.

डोळ्यांत बघावं म्हणून हनुवटी धरून तोंड वळवू नका. काही मुलांना नजर मिळवणं खरोखर त्रासाचं होतं, आणि मागण्यासाठी ते लागतही नाही.

*दुसरी पायरी, चित्राने मागणं.* बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र कापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, वरून सेलोटेप लावा. महागडे छापील संच नकोत. गोलूला ओळखीचा आहे तो त्याच पुड्याचा रंग. इथे माणसं दोन लागतात. आई समोर बसते, बिस्किटाचा तुकडा तिच्या मुठीत, दुसरा हात पसरलेला. ताई किंवा बाबा गोलूच्या मागे. चित्र मध्ये. गोलू बिस्किटासाठी हात पुढे करतो. त्याच क्षणी मागचा माणूस त्याच्या हाताने चित्र उचलून आईच्या तळहातावर ठेवायला मदत करतो. आई लगेच "बिस्कीट!" म्हणते आणि तुकडा देते. मागच्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पाच-सात फेऱ्यांनंतर मदत कमी करत जा: आधी मनगट धरायचं, मग कोपराला नुसता स्पर्श, मग काहीच नाही. हात सोडवून घेत असेल तर ओढाताण करू नका. थांबा, वस्तू बदला, मग पुन्हा.

चुका ठरलेल्या आहेत. आई हात पसरून "दे, दे, चित्र दे" म्हणत राहते. मग मूल ते ऐकल्याशिवाय चित्र देतच नाही. चित्र मिळाल्यावर "आता बोल, बि-स्कीट, मगच देईन" असं होतं. त्याने ठरलेलं काम केलं आणि आपण भाव वाढवला. आणि चित्र फक्त "थेरपीच्या वेळेत" बाहेर काढून नंतर कपाटात ठेवलं जातं. ते दिवसभर त्याच्या हाताच्या उंचीवर, भिंतीवर हवं.

"चित्राची सवय लागली तर बोलायचाच नाही" ही भीती प्रत्येक घरात ऐकते. आतापर्यंतच्या अभ्यासांत चित्रांमुळे बोलणं अडल्याचं दिसलेलं नाही. काही मुलांचं उलट वाढतं. शब्द तुम्ही बोलायचाच आहे, त्याच्यावर सक्ती नाही.

भाषा कोणती? घरात जी बोलता ती. वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, बंजारा, काहीही. शाळेत पुढे कामाला येईल म्हणून आईने अडखळत इंग्रजीत "गिव्ह मी" शिकवण्यात काही अर्थ नाही. आजीला तेच कळलं पाहिजे.

तपासा: मदतीशिवाय दहापैकी आठ वेळा मागतोय, आणि असं सलग तीन दिवस? तरच दुसरं चित्र आणा. नाहीतर तिथेच थांबा.

टप्पा 5: रोजचं एक काम, शेवटाकडून शिकवा

आता स्वावलंबन. एका वेळी एकच काम. चड्डी घालणं घ्या, त्याचे तुकडे करा: चड्डी समोर धरणं, एक पाय घालणं, दुसरा पाय घालणं, गुडघ्यापर्यंत ओढणं, मांड्यांपर्यंत ओढणं, कमरेला चढवणं.

आपण नेहमी पहिल्या तुकड्यापासून शिकवतो. मूल पहिल्याच पायात अडकतं, चिडतं, आई घाईत घालून देते. उलटं करा. सगळं तुम्ही करा, शेवटचं "कमरेला चढवणं" तेवढं त्याच्यावर सोडा. त्याचे अंगठे आत घाला, तुमचे हात वर ठेवून ओढायला मदत करा. चड्डी वर, काम संपलं, लगेच शाबासकी आणि मुरमुरा. मूल प्रत्येक वेळी काम पूर्ण करूनच उठतं. ते जमलं की शेवटचे दोन तुकडे त्याचे, मग तीन.

मदत हाताने करा, तोंडाने कमी. "ओढ, ओढ, वर, अजून" ही शब्दांची मदत नंतर काढून घेणं सगळ्यात अवघड जातं. दहा वर्षांची मुलंसुद्धा चड्डी गुडघ्यावर ठेवून "ओढ" ऐकायची वाट बघत उभी असतात.

हात धुणं, चप्पल घालणं, ताट मोरीत नेऊन ठेवणं, सगळं याच रीतीने. शौचालयाचं काम यात घुसवू नका. अंधारी खोली, बादलीचा आवाज, खोल भांड्याची भीती अशा अनेक गोष्टी तिथे एकत्र येतात. आधी नुसतं दारात उभं राहणं, मग कपड्यांसह बसणं, असा सावकाश वेगळा क्रम लागतो, आणि पोट कडक असेल तर तोही नाही.

टप्पा 6: किंचाळणं, मारणं, चावणं

हा टप्पा सहावा का? मागण्याची दुसरी वाट हातात दिल्याशिवाय किंचाळण्याची वाट बंद करणं क्रूर आहे, आणि ते टिकतही नाही.

वहीतलं कारण बघा आणि त्याप्रमाणे करा:

- हवं म्हणून: किंचाळत असताना वस्तू द्यायची नाही. क्षणभर शांत झाला की चित्राकडे हात न्या, मागू द्या, मग द्या.
- नको म्हणून: "नको"चं एक चित्र किंवा हाताची खूण शिकवा आणि सुरुवातीला ती प्रत्येक वेळी माना. कालवलेला भात नको असेल तर वरण वेगळ्या वाटीत. मग काम लहान करा: दोन घास, मग सुट्टी.
- लक्ष हवं म्हणून: केस ओढले की चेहरा कोरा ठेवून हात सोडवा, बहिणीला बाजूला घ्या, भाषण नको. आणि तो नीट खेळत असतो तेव्हा जवळ जा. आपण नेमके तेव्हाच स्वयंपाकाला पळतो.
- सोसेना म्हणून: इथे दुर्लक्ष करायचंच नाही. आवाज, उजेड, घाम, टोचणारं कापड हटवा, शांत जागी न्या, सोबत बसा. हा हट्ट नाही. त्या वेळी काही शिकवू नका.

हात फडफडवणं, गोल फिरणं, चाक फिरवत बसणं याने कुणाला इजा होत नसेल तर ते सुधारण्याच्या यादीतून काढून टाका. लोक काय म्हणतील यापलीकडे ते थांबवायला कारण नसतं.

आता सगळ्यांत मोठी अडचण. पूर्वी किंचाळल्यावर मिळत होतं ते बंद केलं की किंचाळणं काही दिवस *वाढतं*. विहिरीची मोटर सुरू झाली नाही की आपण बटण सोडून देत नाही, आधी चार वेळा जोरात दाबतो; तसंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजीचा धीर सुटतो: "दे ना वं त्याले, काऊन रडवतं लेकराले!" आणि मोबाइल हातात जातो. आता पोरगं शिकलं की पाच मिनिटांनी मिळत नाही, चाळीस मिनिटांनी मिळतं. म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, वही दाखवा आणि सासूबाईंचा होकार घ्या. त्या ऐकत नसतील तर आशाताईला बोलवा. सुनेचं ऐकत नाहीत, ताईचं ऐकतात. घरात लग्न असेल, पाहुणे असतील किंवा कापूस वेचणी ऐन भरात असेल तर हा टप्पा पुढे ढकला. अर्धवट करण्यापेक्षा न केलेला बरा.

इशारा, इजेबद्दल: डोकं आपटणं, स्वतःला चावणं, डोळ्यांत बोट घालणं याकडे "दुर्लक्ष" करण्याचा सल्ला कुणी दिला तरी घरच्या घरी ते करू नका. मध्ये उशी किंवा हात घाला, जागा सुरक्षित करा आणि डॉक्टरांना दाखवा. मारणं, बांधून ठेवणं, तोंडात मिरची घालणं यातून मूल एकच शिकतं: मोठी माणसं दुखवतात.

इशारा, पळून जाणाऱ्या मुलांबद्दल: अशी बरीच मुलं पाण्याकडे ओढली जातात. घराजवळची उघडी विहीर, शेततळं, कालवा कुठे आहे हे आजच बघा. दाराला वरच्या बाजूला, त्याचा हात पुरणार नाही अशी कडी लावा. शर्टाच्या आतून वडिलांचा फोन नंबर शिवून ठेवा. हरवलं तर पहिला माणूस शोधायला पाण्याकडे पाठवा. फवारणीचं औषध घरात ठेवूच नका. ठेवावंच लागलं तर कुलपात, आणि रिकामी बाटलीसुद्धा पाण्यासाठी वापरायची नाही. सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाच्या घरात हा नियम मोडायचा नाही. अपघात झालाच तर 108.

टप्पा 7: दिवस चित्रांत मांडा

पुठ्ठ्याच्या पट्टीवर दोन चित्रं: आधी, नंतर. आधी आंघोळ, नंतर बंगई. ते कळलं की चार-पाच चित्रांची दिवसाची पट्टी करा. काम झालं की चित्र काढून खालच्या डब्यात टाकायचं, ते त्यालाच करू द्या. सांगितलेलं हवेत विरतं, चित्र समोर राहतं.

विदर्भातला दिवस ऋतूगणिक पालटतो. सोंगणी-वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच घराबाहेर, उन्हाळ्यात शाळा बंद आणि दुपारभर घरात कोंडून. म्हणून बदल होण्याच्या आठवडाभर आधी पट्टी बदला: "आई वावरात" असं चित्र, त्यापुढे "आजी", त्यापुढे "आई परत". पोळ्याची, लग्नातल्या डीजेची तयारीही अशीच. पण डीजेजवळ त्याला नेलंच पाहिजे असं नाही. दूरच्या ओट्यावरून बघू द्या आणि कान दाबले की घरी आणा.

बसवून शिकवण्याची वेळ सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं पुरते. बाकीचं शिकवणं आंघोळ, जेवण, बंगई यांतच होतं.

टप्पा 8: दुसरा माणूस, दुसरी जागा, मग थेरपिस्ट

आईकडे मागतो पण आजीकडे मागत नाही, घरी चप्पल घालतो पण अंगणवाडीत नाही: म्हणजे अजून शिकला नाही. जमलेली प्रत्येक गोष्ट आजीबरोबर, मग अंगणात, मग वावरात, मग अंगणवाडीत करून घ्या. चित्रांचा एक जोड अंगणवाडीताईकडे देऊन ठेवा आणि कसं वापरायचं ते एकदा करून दाखवा. मूल शाळेच्या वयाचं असेल तर मुख्याध्यापकांना सांगून तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची भेट ठरवा.

नोंद साधी ठेवा. कॅलेंडरच्या चौकोनात "10 पैकी 6" एवढंच. दोन आठवडे आकडा हलला नाही तर मुलाला दोष देण्याआधी तीन गोष्टी याच क्रमाने तपासा: बक्षीस अजून आवडतंय का, तुकडा फार मोठा आहे का, मदत फार लवकर काढली का? बहुतेक वेळा पहिल्यातच उत्तर मिळतं. रोज तेच बिस्कीट देऊन ते कंटाळवाणं झालेलं असतं.

थेरपिस्टच्या भेटीला जाताना फाइलबरोबर वही आणि कॅलेंडर न्या, आणि फोनमध्ये तीन छोटे व्हिडिओ, प्रत्येकी मिनिटभराचे: मागताना, ठरलेलं काम करताना आणि त्रासदायक वागणं सुरू व्हायच्या *आधीपासूनचा*. ओपीडीत मूल एकतर गप्प बसतं नाहीतर रडतं, त्यावरून कुणालाच काही कळत नाही. व्हिडिओत मुलाबरोबर तुमचे हात आणि तुमचा आवाज आला पाहिजे. मदत कुठे जास्त होते ते त्यातून दिसतं. एसटीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे, ओळखपत्र सोबत ठेवा. आणि परत निघण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: पुढच्या भेटीपर्यंत कोणतं एकच काम घ्यायचं? त्यांनी दहा सांगितली तर पहिलं कोणतं, ते वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या.